खाडा आणि रजा

आज मी तुम्हाला दोन शब्दांचा इतिहास सांगणार आहे. एक शब्द ‘खाडा’ आणि दुसरा ‘रजा’. वरवर पाहिलं तर दोन्हींचा अर्थ एकच, कामावर न जाणं. पण खाडा पडला की मजुरी कापली जाते, आणि रजा मिळाली की घरी राहूनही पगार चालू राहतो. खाडा ही बाईची चूक धरली जाते. रजा हा तिचा हक्क असतो.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मिळते ती जोडीला. नवरा वारलेली किंवा नवऱ्यानं टाकलेली बाई एकटी निघाली, तर ती अर्धा कोयता. पोरगं तापानं फणफणलं म्हणून ती एक दिवस कोपीवर थांबली तर तिचा खाडा पडतो, आणि खाड्याचा दंड पुष्कळदा दिवसाच्या कमाईपेक्षाही जास्त असतो. त्याच दिवशी तालुक्याच्या सरकारी कचेरीत काम करणारी दुसरी एखादी एकटी आई मुलाच्या दहावीसाठी पगारी रजेवर असते. तिला ती रजा मिळते हे चांगलंच आहे, मिळायलाच हवी. पण दोघीही आया आहेत आणि दोघीही एकट्या आहेत. मग एकीला रजा आणि दुसरीला खाडा, हे कसं झालं? हे समजून घ्यायचं तर दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

आधी आसरा आला

सरकारनं एकट्या आईकडं बघायच्या आधी काही माणसांनी बघितलं. १८५६ साली विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता मिळाली होती, पण कायदा कागदावर आणि रूढी घरात, अशी गत होती. लहान वयात विधवा झालेल्या मुलीवर घरातल्याच कुणी अत्याचार केला आणि दिवस गेले, तर तिच्यापुढं दोनच वाटा असत. एक तर जीव द्यायचा, नाही तर जन्मलेल्या बाळाचा जीव घ्यायचा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ‘इथं या, गुपचूप बाळंत व्हा, बाळ न्या किंवा ठेवून जा,’ असं त्यांनी जाहीर केलं. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढं डॉक्टर झाला.

त्यानंतरचं नाव पंडिता रमाबाईंचं. त्यांच्याबद्दल बोलताना आपण त्यांची विद्वत्ता सांगतो, पण त्या स्वतः एकट्या आई होत्या हे विसरतो. १८८२ साली त्यांचे पती वारले तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा वर्षाचीसुद्धा नव्हती. आई-वडील, बहीण, भाऊ सगळे आधीच गेलेले. दुसऱ्याच वर्षी त्या मुलीला घेऊन इंग्लंडला शिकायला गेल्या, तिथून अमेरिकेला. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. तिथं शिकलेल्या गोदूबाई पुढं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्याला नेला.

या सगळ्या कामातून बाईला आसरा मिळाला, शिक्षण मिळालं, पुढं मास्तरीण किंवा नर्स होण्याची वाट मिळाली. पण तो आसरा होता. चांगल्या माणसानं दार उघडलं तर आत जाता येतं. दार बंद राहिलं तर कुठं दाद मागायची सोय नव्हती. आणि ही दारं मोजक्या शहरांत होती. शेतात खुरपणाऱ्या, दुसऱ्याच्या घरी दळण दळणाऱ्या एकट्या बाईला ती फार लांब होती.

गिरणीच्या दारात कायदा

हक्काची भाषा पहिल्यांदा आली ती मुंबईच्या कापड गिरण्यांतून. कोकणातून आणि घाटावरून माणसं गिरणीत आली, तशा बायकाही आल्या. त्यांतल्या पुष्कळ विधवा होत्या, पुष्कळ नवऱ्यानं सोडलेल्या. गावात जमीन नाही, भावकी उभी करत नाही, म्हणून मुंबई गाठलेल्या. सूत गुंडाळण्याच्या खात्यात त्या काम करायच्या. पोटुशी बाई शेवटच्या दिवसांपर्यंत कामावर असायची, कारण न आली तर पैसे नाहीत आणि परत आल्यावर जागा मिळेलच असंही नाही. तान्हं मूल घरी शांत पडून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी द्यायची चाल होती. १९२० नंतर मुंबई सरकारनं गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी एका स्त्री डॉक्टरकडून करवून घेतली, तेव्हा हे सरकारी दप्तरात आलं. मूल झोपावं म्हणून अफू देणाऱ्या त्या आईला कुणी निर्दयी म्हणेल. पण तिचा दिवसाचा खाडा कोण भरून देणार होतं?

१९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं बाळंतपणाच्या रजेचा ठराव केला होता. हिंदुस्थान सरकारनं तो स्वीकारला नाही. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. मग मुंबई कायदेमंडळात रा. स. आसवले यांनी तसंच विधेयक आणलं. जुलै १९२८ मध्ये त्याच्यावर चर्चा झाली, आणि त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे. त्यामुळं त्याचा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा. पण मालकही बाईच्या कामातून फायदा मिळवतो, म्हणून त्यालाही हात झटकता येणार नाहीत.

१९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला. आपल्या देशातला या प्रकारचा हा पहिला कायदा. बाळंत होणारी बाई काही आठवडे घरी राहील आणि तिला पैसे मिळतील, हे पहिल्यांदा कायद्यात लिहिलं गेलं. खाड्याची रजा झाली ती इथं.

दोन गोष्टी मात्र तेव्हाच घडल्या आणि त्या आजही आपल्या मागं लागलेल्या आहेत. पैसे मालकानं द्यायचे ठरले, म्हणून काही मालकांनी बायकांना कामावर घेणंच कमी केलं. आणि कायदा कारखान्यापुरता होता. ज्या बाईचा मालक रोज बदलतो, आज या बांधावर तर उद्या त्या बांधावर, तिच्यासाठी त्यात काही नव्हतं. बाबासाहेबांनी सरकारनं भार उचलायची गोष्ट केली होती ती याचसाठी महत्त्वाची. भार सरकारचा असेल तर मालक कोण हा प्रश्नच उरत नाही.

बारा आठवड्यांपासून सव्वीस आठवड्यांपर्यंत

स्वातंत्र्यानंतर १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा झाला. बारा आठवड्यांची पगारी रजा, मूल पडलं तर सहा आठवड्यांची, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा अंगावर पाजायला सुट्टी, आणि या रजेच्या काळात बाईला कामावरून काढायचं नाही. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की हा हक्क लागू होतो. ही अट आधी १६० दिवसांची होती, १९८८ च्या दुरुस्तीनं ती ८० वर आली. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. दत्तक घेणाऱ्या आईलाही रजा मिळाली. आणि जिथं ५० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. २०२० साली संसदेनं केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेतल्या आहेत.

या कायद्यातली एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवा. कायदा ‘स्त्री’ म्हणतो, ‘विवाहित स्त्री’ म्हणत नाही. मजुरी घेऊन काम करणारी कुठलीही बाई, मग ती थेट कामावर असो की ठेकेदारामार्फत. नवरा आहे का, जिवंत आहे का, सोबत राहतो का, हे कायदा विचारत नाही. म्हणून एखाद्या कारखान्याच्या, दवाखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या साहेबानं ‘नवऱ्याचं नाव सांग, मग रजेचं बघू’ असं म्हटलं, तर तो प्रश्न कायद्याचा नसून साहेबाच्या मनातला आहे.

आता मस्टरची गोष्ट ऐका. मस्टर हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, रोजगार हमीच्या कामावर आपलं नाव मस्टरवर लागतं. दिल्लीच्या महापालिकेत रस्त्याची आणि खोदकामाची कामं करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं मस्टरवर होत्या. महापालिका म्हणायची की, बाळंतपणाची रजा कायम नोकरदारांना, तुम्ही तर रोजंदारीवर. हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं निकाल दिला की, रोजंदारीवरच्या बायकांनाही प्रसूतीचा लाभ द्यावा लागेल. पोटात मूल असताना दगड-माती वाहणारी बाई कायम आहे की रोजंदारीवर, यानं तिच्या कळा कमी-जास्त होत नाहीत. निकालाची तारीख होती ८ मार्च २०००, म्हणजे नेमका महिला दिन. आपण महिला दिनाला रांगोळी स्पर्धा घेतो, त्या दिवशी या निकालाचीही आठवण काढायला हरकत नाही.

ज्यांना मालकच नाही

पण मस्टरवरही नाव नसलेली बाई? तिच्यासाठी महाराष्ट्रात वेगळी वाट निघाली. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला आणि बंधारे घालायला उतरली, त्यांत बायकांची संख्या मोठी होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून लागू झाला. एकट्या बाईला कुणाच्या ओळखीशिवाय, कुणा पुरुषाच्या जोडीशिवाय मागेल तेव्हा काम, हे त्यातलं मोठं पाऊल होतं. तिथं ती अर्धा कोयता नव्हती. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातही लिहिलं होतं की, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी. ही सोय किती कामांवर प्रत्यक्ष दिसली, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकाल.

१९८० साली राज्य सरकारनं संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. काम करू न शकणाऱ्यांबरोबरच विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा बायकांना दरमहा काही रक्कम. २०२३ साली ही रक्कम हजार रुपयांवरून दीड हजार झाली. केंद्र सरकारनं १९९५ साली राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर घराला एकरकमी मदत, जी २०१२ पासून वीस हजार रुपये आहे. २००९ साली केंद्राचं विधवा निवृत्तिवेतन आलं. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला आणि त्यातून राज्यात कल्याणकारी मंडळ उभं राहिलं. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या बाईला तिथं नोंदणी करता येते आणि बाळंतपणाला मदत मिळते.

म्हणजे बघा, दोन वेगळ्या वाटा झाल्या. ज्यांना मालक आहे त्यांना रजा, ज्यांना नाही त्यांना अनुदान. रजा पगाराच्या हिशेबानं मिळते आणि अनुदान सरकार ठरवेल तेवढं. रजा मागताना बाई ‘मी काम करते’ असं सांगते. अनुदान मागताना तिला ‘मी निराधार आहे’ असं सांगावं लागतं. पहाटे चारला उठून रात्री दहापर्यंत राबणारी, दोन लेकरं शिकवणारी बाई अर्जावर स्वतःला निराधार लिहिते, तेव्हा तिला काय वाटत असेल? खरं तर आख्ख्या घराचा आधार तीच असते.

टाकलेल्या बायका मोजल्याच नाहीत

एकट्या आयांमध्येही सरकारनं आणि समाजानं पायऱ्या केल्या. विधवेला निदान मृत्यूचा दाखला असतो. घटस्फोटितेला कोर्टाचा कागद असतो. पण नवऱ्यानं नुसतीच घरातून हाकलली, दुसरी आणली आणि कोर्टात कुणी गेलंच नाही, अशा बाईकडं कुठला कागद? रेशनकार्डावर ती अजून सासरीच असते. माहेरच्या कार्डावर तिचं नाव नसतं. सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, हे गावाला कळत नाही, आणि कुठल्या रकान्यात बसवावं, हे कचेरीला कळत नाही.

या बायकांचा प्रश्न महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दहा वर्षांत रस्त्यावर आला. १९८८ साली संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या साथींनी परित्यक्तांची परिषद भरवली. सांगली-सातारा भागात इंदूताई पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी परित्यक्ता बायकांना संघटित केलं. त्यांच्या मागण्या साध्या होत्या. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड द्या, राहायला जागा द्या, पोटगी वेळेवर द्या, मुलांच्या शाळेत आईचं नाव चालू द्या. आज आपल्याला स्वतंत्र रेशनकार्ड मागता येतं, त्यामागं या बायकांच्या मोर्च्यांची पायपीट आहे.

पोटगीचंच घ्या. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ होतं. बायको आणि मुलांना पोटगी मागता येई, पण महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा कायद्यातच लिहिलेली होती. महागाई कुठं गेली आणि पोटगी कुठं राहिली! शेवटी २००१ साली ती मर्यादा उठली. आता नव्या संहितेत, जी जुलै २०२४ पासून लागू झाली, हेच कलम १४४ म्हणून आलं आहे. जुना आकडा १२५ पाठ असलेल्या आपल्या बायांनी नवा आकडाही पाठ करून ठेवा.

‘वडिलांचं नाव?’

एकट्या आईला प्रत्येक खिडकीवर एक प्रश्न विचारला जातो. ‘वडिलांचं नाव काय?’ हा प्रश्न हळूहळू कसा मवाळ झाला, तोही इतिहास आहे.

१९९९ साली गीता हरिहरन या लेखिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, वडील हजर नसतील किंवा मुलाकडं लक्ष देत नसतील तर आईही मुलाची नैसर्गिक पालक आहे. वडील मरेपर्यंत तिनं थांबायची गरज नाही. २०१५ साली एका अविवाहित आईच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढं गेलं. पालकत्वासाठी बापाला नोटीस द्यायची सक्ती नाही, आणि एकट्या किंवा अविवाहित आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की मुलाचा जन्मदाखला द्यावा, असं न्यायालयानं सांगितलं.

योजनांमध्येही बदल झाला. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार रुपये मिळतात. सुरुवातीला तिच्या अर्जाला नवऱ्याचं आधारकार्ड लागायचं. ज्या बाईला नवऱ्यानं पोटात मूल असतानाच घराबाहेर काढलं, तिनं ते कुठून आणायचं? जिला सगळ्यात जास्त गरज, तीच बाहेर राहिली. २०२२ च्या नव्या नियमांत ही अट निघाली, आणि एकट्या व सोडून दिलेल्या आयांना लाभ मिळावा म्हणूनच ती काढली असं सरकारनं सांगितलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव, असा क्रम ठरला आहे.

मूल वाढवायलाही रजा लागते

बाळंतपण काही आठवड्यांचं असतं, मूल वाढवणं अठरा वर्षांचं. हे सरकारी कायद्याला उशिरा उमगलं. १ सप्टेंबर २००८ पासून केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना दोन मुलांसाठी, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. २०१८ साली ती एकट्या पुरुष पालकालाही मिळाली, म्हणजे विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित बापाला. वर्षातून तीनदाच घेता येणारी ही रजा एकट्या आईला सहा वेळा घेता येते, कारण घरात दुसरं कुणी नाही हे मान्य केलं गेलं. महाराष्ट्र सरकारनंही २०१८ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. बायको वारलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती आहे.

बाप एकटा पडला की मूल वाढवणं हे काम आहे, हे सगळ्यांना लगेच पटतं. आई एकटी पडली की मात्र ‘तिचं तर ते कामच आहे’ असं म्हटलं जातं. निदान कायद्यानं दोघांना एका ओळीत आणलं.

शेतमजूर आईला अशी रजा नाही. तिला जवळची ठरेल अशी गोष्ट म्हणजे राज्याची बालसंगोपन योजना. नाव सारखंच आहे, पण ही रजा नव्हे. आई किंवा बाप नसलेल्या, किंवा आई-बापांची ताटातूट झालेल्या मुलाला घरातच वाढवता यावं म्हणून, अठरा वर्षांचं होईपर्यंत दरमहा मदत. कितीतरी वर्षं ही मदत ४२५ रुपये होती. मग करोना आला. २०२० आणि २१ मध्ये गावागावांत तरण्या बायका विधवा झाल्या. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या साथींनी एकल महिलांच्या पुनर्वसनासाठी समिती उभारून तालुक्या-तालुक्यांत पाठपुरावा केला. ‘एकल महिला’ हा शब्द तेव्हापासून सरकारी कागदात आणि गावच्या बोलण्यातही रुळला. त्याच काळात रक्कम ११०० झाली आणि २०२३ साली २२५०. योजनेला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. १८६३ साली ज्या बाईनं स्वतःच्या घरात अशा लेकरांना जागा दिली, तिचं नाव या योजनेला शोभतं.

त्याच सुमाराला, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारनं राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मुंबई-दिल्लीत कायदे होतात, पण एक साधी ग्रामपंचायतही राज्याला वाट दाखवू शकते.

मग आता आपण काय करायचं?

या दीडशे वर्षांत आसऱ्याचा हक्क झाला, बारा आठवड्यांचे सव्वीस झाले, कायम नोकरीवाल्यांबरोबर मस्टरवरच्या बायका आल्या, विधवांमागून परित्यक्ता आल्या, मग अविवाहित आया आल्या. दर वेळी आधी कुणीतरी बाहेर राहिलेलं होतं, आणि त्या बाहेरच्या बायकांनी किंवा त्यांच्या बाजूनं कुणीतरी दार ठोठावलं म्हणूनच ते उघडलं. आज दाराबाहेर कोण आहे? अर्धा कोयता म्हणून ऊस तोडणारी, दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाणारी आई. तिच्या मुलाच्या तापाच्या दिवसाची भरपाई कुठल्याच कायद्यात नाही.

तो कायदा व्हायचा तेव्हा होईल, त्यासाठी बोलत राहू. पण तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली गोष्ट. प्रत्येक ग्रामसंघानं आपल्या गावातल्या एकट्या आयांची यादी करावी. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, अविवाहित, आणि नवरा अंथरुणाला खिळलेल्यासुद्धा. प्रत्येकीच्या नावापुढं लिहावं की, मुलांना बालसंगोपन मिळतं का, निराधारचा अर्ज झाला का, रेशनकार्ड स्वतंत्र आहे का. बालसंगोपनाचं काम जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडं आणि बालकल्याण समितीकडं चालतं, निराधारचं तहसीलला. एकटी गेली की बाई चार चकरांत दमते. पाच जणी मिळून गेलं की साहेब खुर्ची देतो.

दुसरी गोष्ट. परित्यक्तेला कागद लागतो, आणि ती टाकलेली आहे हे गावात कुणीतरी लिहून द्यावं लागतं. पुष्कळदा पंच मंडळी म्हणतात, ‘उद्या नवरा नांदवायला आला तर?’ दहा वर्षं न आलेला नवरा उद्या येईल या आशेवर तिची लेकरं उपाशी ठेवायची का? ग्रामसभेत हे विचारायला एकटीचा आवाज पुरत नाही, गटाचा पुरतो. महिला ग्रामसभेत हा विषय लेखी द्या आणि इतिवृत्तात आला का, ते वाचून घ्या.

तिसरी गोष्ट जरा घरातली आहे. आपल्या बचत गटाच्या नियमावलीत काय लिहिलंय ते उघडून बघा. बैठकीला न आल्यास पाच रुपये, दहा रुपये दंड. गट शिस्तीत चालावा म्हणून तो नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूल दवाखान्यात आहे म्हणून एकटी आई आली नाही आणि आपण तिच्या नावापुढं दंड लिहिला, तर आपणही तिचा खाडाच मांडला. शेजारच्या एका गावातल्या गटानं यावर साधा ठराव केला आहे. एकट्या आईला मुलाच्या आजारपणात बैठकीची गैरहजेरी माफ, तिची बचत दुसरी सदस्य आणून देईल, आणि औषधपाण्यासाठी गटातलं छोटं कर्ज तिला त्याच दिवशी, तिच्या एकटीच्या सहीवर. गटाचं काही बुडालं नाही. उलट दोन नव्या बाया गटात आल्या, दोघीही एकट्या.

ज्या गटाला हे पटेल त्यांनी पुढच्या बैठकीत ठराव मांडावा आणि वहीत लिहून घ्यावा. लिहिताना ‘दंड माफ’ असं लिहू नका. ‘रजा मंजूर’ असं लिहा.